नऊ बहिणींचं फूल

पेणच्या खाडीकाठच्या त्या गावात लग्न ठरलं की मुलीच्या बापाला आधी हॉल सुचतो, मग डीजे, मग मटणाचा आकडा, आणि सगळं उरकलं की कुणीतरी म्हणतं, अरे, जनीआत्याला सांगितलं का? अनिताचं उलटं झालं. रोह्याहून प्रणितच्या घरचा होकार आला आणि ही हातातलं काम टाकून थेट आत्याच्या ओट्यावर.

"आत्या, माझ्या लग्नात धवले तूच गायचे. सुपारी घे."

जनीआत्या सुकट निवडत होती. तिने मान वर केली नाही. "माझा गला बसलाय गो. तुझ्या बापाला सांग, मोबाईलवर लाव."

"मोबाईल माझी आत्या हाय का?"

आता हे असं तोंडावर मारल्यावर म्हातारी काय बोलणार? ओले हात पदराला पुसून तिने सुपारी घेतली. वर आणखी, "बापासारीच हट्टी" असं म्हणून घेतली.

जनीआत्या म्हणजे अनिताच्या बापाची, जगनची, थोरली बहीण आणि गावची धवलारीण, लग्नातले धवले गाणारी. खारेपाटात, म्हणजे या खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यात, लग्नाला भटजी येतो, पण त्याच्या आधी शब्द धवलारणीचा. मांडवाची मेढ असो, हळद असो, तांदूळ असोत, की दारातले केळीचे खुंट, जी वस्तू मांडवात यायची तिला ही बाई गाऊन आत घेणार. आणि ते कसं? तर पाहुणीला विचारावं तसं आधी तिचं माहेर विचारून.

हलदी गो बाय, तुझा म्हायेर कंचा?
काल्या मातीचे पोटान, पावसाचे पानियान.

माहेर सांगितलं की वस्तू घरची झाली. नाही सांगता आलं, तर ती दाराबाहेर. अशी तिची रीत, आणि रीतीच्या बाबतीत जनीआत्या म्हणजे खडक. मागे गावातल्या कमळाकरच्या लग्नात नवरीच्या गावाहून दुसरी एक धवलारीण आली होती. आवाज म्हणाल तर बेताचाच. पण नवरीच्या माहेरची, म्हणून तिचा मान पहिला. ती गाऊन होईपर्यंत आमची आत्या तोंड मिटून बसली होती, लोकांनी कितीही खुणा केल्या तरी. मान म्हणजे मान.

अलीकडे मात्र तिला कुणी फारसं बोलवत नव्हतं. गेल्या साली एका लग्नात ती गात असताना डीजेवाल्याने मशीन तपासायला म्हणून आवाज सोडला, आणि तिची ओळ त्या दणदणाटात बुडाली ती बुडालीच. ती उठली, चपला पायात घातल्या आणि घरी आली. त्यानंतर खोकला लागला, आवाज बसला, आणि तिने गाणंच सोडलं. अनितासाठी ती पुन्हा उभी राहत होती. पोरीला याची जाण होती.

पण अनिताला आणखी एक हवं होतं, आणि इथूनच सगळा घोळ झाला.

घरामागे तिची फुलं होती. मिठागरवाल्यांचं घर ते. जगनच्या बापजाद्यांनी त्या जमिनीत मीठ पिकवलं, तिथं दुसरं काय पिकणार, डोंबल! अळूसुद्धा धड येत नव्हतं. अनिता शाळेत असताना तिच्या शास्त्राच्या सुहासिनीबाईंनी तिला एक कंद दिला. लाव म्हणाल्या, जगला तर तुझा. पोरीने काय करावं? आईच्या माहेरी गागोदे बुद्रुकला गेली, तिथली गोडी माती मामाच्या टेम्पोत घालून आणली, कापलेल्या ड्रममध्ये भरली आणि त्यात तो कंद लावला. केळीसारखी पानं आली, फुटवे आले, पण फूल काही येईना. येणारीजाणारी हसायची. "काय गो अनिता, तुझ्या केलीला केली कधी लागनार?" पोरगी कुणाला उत्तर द्यायची नाही, पाणी घालत राहायची. आणि मग एका पावसाळ्यात पानांमधून एक लांब देठ खाली लोंबला, आणि त्याला एकाखाली एक लाल होड्या. कडेला पिवळी पट्टी, टोकाला हिरवा ठिपका. गाव बघायला लोटला. आज त्या एका कंदाची परसभर झाडं झाली होती, आणि पेणचे फुलवाले दारात येऊन फुलं घेऊन जात होते.

लग्न होऊन ती रोह्याला, तिथल्या अष्टमी गावात, जाणार. झाडं इथंच राहणार. म्हणून तिला वाटे, दागिने राहू देत, आपल्या मांडवाच्या दारात आपली फुलं लटकावीत आणि आत्याने त्यांना गाऊन आत घ्यावं. एवढं झालं की आपण इथून सुखाने गेलो. दुसरं काही तिने मागितलं नव्हतं.

ती फुलाचा एक देठ कापून आत्याकडे घेऊन गेली.

"नाव काय याचा?" आत्याने विचारलं.

"हेलिकोनिया."

"हा नाव हाय का खोकल्याचा औषध?" आत्याने ते फूल उलटसुलट करून पाहिलं. आवडलं होतं तिला, ते काही लपलं नाही. "देखना हाय. होऱ्याच जशा. पन म्हायेर कंचा?"

"बाईंनी नर्सरीतून आणला होता, आत्या. परदेशी हाय."

"नर्सरी काय म्हायेर झाला? मंग पोराचा म्हायेर दवाखाना काय? ज्याचा म्हायेर ठाव नाय त्याला मी मांडवान कसा घेऊ गो? उद्या देव इचारील, जने, कोनाला घुसवलास!"

"मग माहेर शोधून आणला तर?"

"आन. मी कवा नाय म्हनले?"

सुहासिनीबाई निवृत्त झाल्यापासून रोह्याजवळ वरशाला मुलाकडे राहायच्या. म्हणजे पंचाईत बघा. नवरीने लग्नाआधी सासरच्या गावावरून जायचं! शकूने, म्हणजे तिच्या आईने, डोक्याला हात लावला. "कोनी बगितला तर काय सांगशील?" अनिताने तोंडाला स्कार्फ गुंडाळला, फक्त डोळे बाहेर, आणि एसटीत बसली. हल्ली सगळ्याच पोरी तशा जातात, कोण ओळखणार?

बाईंची बाल्कनी म्हणजे जंगलच होतं. अनिताने प्रश्न विचारला मात्र, त्यांचा चेहरा असा खुलला, जणू कुणी दहावीचा वर्ग पुन्हा त्यांच्या ताब्यात दिला.

"अगं, नाव लॅटिन आहे ते. झाडंझुडपं, पाखरं, सगळ्यांची शास्त्रातली नावं त्या भाषेत ठेवतात. आणि हे नाव एका डोंगराचं आहे. ग्रीस देशात हेलिकॉन नावाचा डोंगर आहे. आजही आहे, जाऊन बघता येईल. तिकडच्या जुन्या लोकांचा तो पवित्र डोंगर. त्यांच्या मोठ्या देवाच्या नऊ मुली होत्या, त्या तिथं राहायच्या. नऊच्या नऊ गाणाऱ्या!"

"सगळ्या?"

"सगळ्या. कुणी वीरांची गाणी सांभाळायची, कुणी प्रेमाची, कुणी दुःखाची, कुणी नाच. एकीकडे तर आकाशातले तारे होते. त्या डोंगरावर एका पंखवाल्या घोड्याने टाप मारली आणि खडकातून झरा फुटला. त्याचं पाणी जो प्यायला, त्याला गाणं सुचलं."

अनिता चहा विसरली. बाई सांगत होत्या आणि तिला परसातले ते ड्रम दिसत होते. आपण रोज बादलीने पाणी घालतो ते या डोंगराला!

"पण बाई, आपल्या फुलाला त्या डोंगराचं नाव का दिलं?"

"ते तर आणखी गोड आहे. झाड मूळचं अमेरिकेकडच्या जंगलातलं. तिकडून युरोपातल्या पंडितांच्या हाती आलं. दिसायला केळीची बहीण. आता केळीचं शास्त्रातलं नाव मुसा. ते अरबीतून आलं असं म्हणतात. पण त्या नऊ बहिणींना तिकडे म्यूझ म्हणतात, आणि नाव ठेवणाऱ्याच्या कानात तेच घुमलं असणार. म्हणाला असेल, केळीला बहिणींचं नाव, मग केळीच्या बहिणीला त्यांच्या डोंगराचं द्यावं. काय माणसं असतील, नाही? पानं-देठ मोजता मोजता देवींची आठवण ठेवणारी." बाईंनी कुंडीतलं एक सुकं पान खुडलं. "फुलपाखरांची एक जात आहे, तिलाही या डोंगराचं नाव आहे. एका डोंगराने किती लेकरांना नावं पुरवली बघ."

परतीच्या एसटीत अनिता सगळी गोष्ट धड्यासारखी घोकत होती. बाहेर उन्हात करपलेले डोंगर सरकत होते. या डोंगरांवर कोण राहत असेल, गात असेल, असं तिच्या मनात पहिल्यांदाच आलं.

आत्याने गोष्ट ऐकली ती मात्र बघण्यासारखी. आधी नुसती हूं, हूं. मग हात थांबले. मग ती पाट सरकवून जवळ बसली.

"जनम येकीकडं आनि नाव दुसरीकडचा?"

"व्हय."

"मंग बाईच्या जातीसारखाच की." तिने मान हलवली. "असूंदे. ज्याने बारसा केला त्याने म्हायेर दिला. डोंगरच याचा म्हायेर. आनि त्या नऊ जनी सासरी गेल्याच नाय?"

"बाई म्हणाल्या, डोंगरावरच ऱ्हायच्या."

"हुशार हायत!" आत्या खुदकन हसली. मग हळूच म्हणाली, "नऊच्या नऊ गानाऱ्या. आनि घोऱ्याचे टापेतून पानी. आयला! किती मोठा म्हायेर गो या फुलाचा." तिने ते फूल उचललं आणि देव्हाऱ्याजवळ नेऊन ठेवलं.

अनिता त्या दिवशी हवेत चालत घरी आली. झालं काम! असं तिला वाटलं. पण म्हणतात ना, एक करायला जावं आणि भलतंच होऊन बसावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जनीआत्या आली. जगन मांडववाल्या केरूशी बोलत होता. आत्याने त्याच्यासमोर सुपारी ठेवली.

"घे तुझी सुपारी. मी गानार नाय."

"आता काय झाला?" जगनचा आवाज चढला. "तुला कोनी काय बोलला का?"

"कोनी काय बोलला नाय. त्या फुलाच्या म्हायेरच्या नऊ जनी गानाऱ्या हायत. देवी हायत. फूल मांडवान आला म्हंजे त्यांचा आवतान आला. आवतान आला म्हंजे पयला मान त्यांचा. त्यांच्या आधी मी तोंड उघडू? ह्या असल्या गल्याने?"

"अगो आक्के, त्या नऊ जनी काय एसटीने येनार हायत?"

"येवोत नायतर ना येवोत. मान त्यांचा."

केरू तोंड फिरवून हसला. जगनने डोक्याचा फेटा काढून आपटायचा तेवढा बाकी ठेवला. शकू चुलीजवळून लेकीवर डाफरली, "तुला कोनी सांगितला होता सगली पुरानं आनायला? दोन शब्दांत सांगायचा नं, डोंगरातला फूल हाय म्हनून!"

अनिता रडकुंडीला आली. तिने आत्याचे हात धरले. "आत्या, मी फूल आणत नाय मांडवात. मला नको फूल. तू गा."

"आता आयकला नं मी?" आत्या म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "आयकलेला परत कसा करू? आता हलद जरी गायला बसले तरी मना वाटेल, त्या आयकतायत. म्हनतील, ही कोन गो फुटक्या मडक्याची? ऱ्हावंदे बाय. तुझा लगीन चांगला व्हईल."

ती गेली. गेल्या साली डीजेने तिला गप्प केलं होतं, आणि आता आपण केलं, असं अनिताच्या मनात आलं. निदान डीजेवाला परका होता.

घरात मग काय, ज्याला जे सुचेल ते. जगन म्हणाला, भटजी येतोय तो काय कमी हाय? केरू म्हणाला, धवल्यांची क्लिप आहे आपल्याकडे, स्पीकर जोडू. अनिताने केरूकडे असं बघितलं की तो माप घ्यायची टेप घेऊन बाहेरच गेला. शेवटी तिने बाईंना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"अनिता, गोष्ट अर्धीच सांगितली गं मी तुला," बाई म्हणाल्या. "मांडव कधी घालताय? मी येते. फोनवर नको."

मांडवाच्या दिवशी सकाळी बाई मुलाच्या, निमिषच्या, गाडीतून उतरल्या. अंगणात मेढी रोवल्या होत्या, केळीचे खुंट बांधले होते, उंबराची डहाळी आली होती. बायका हळद घेऊन खोळंबल्या होत्या. जनीआत्या आली होती. भाचीच्या मांडवाला न येणं तिला शोभलं नसतं. पण ती कोपऱ्यात, भिंतीला टेकून, पदर तोंडाला लावून बसली होती.

बाई सरळ तिच्याशेजारी जमिनीवर जाऊन बसल्या.

"जनीताई, मी अनिताची शाळेची बाई. ती गोष्ट माझीच. पण पोरीला मी शेवट सांगितलाच नाही."

आत्याने पदराआडूनच त्यांच्याकडे मान वळवली.

"तिकडचे जुने गाणारे कसे सुरू करायचे, ठाऊक आहे? गाणं म्हणायच्या आधी त्या बहिणींना हाक मारायचे. म्हणायचे, देवी, तू गा. आणि एवढं म्हणून स्वतःच गायला लागायचे."

"आपन आधी गनपतीला बोलवतो तसा?"

"अगदी तसंच."

"आनि त्या यायच्या?"

"डोळ्यांनी कुणाला दिसल्या नाहीत. गाणाऱ्याच्या तोंडून जे येईल तेच त्यांचं येणं. म्हणजे पहिला मान त्यांनाच गेला की! त्यांना वेगळा गळा नाही, जनीताई. जो हाक मारेल त्याचा गळा त्यांचा."

आत्याने पदर तोंडावरून काढला.

"आनि ज्याचा गला फुटलाय?" तिने विचारलं.

बाईंच्या तोंडाशी काहीतरी समजुतीचं आलं असेल, पण त्या बोलल्या नाहीत ते फार बरं झालं. "ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "बोलावून बघा."

अनिता हळदीच्या पाटाजवळ उभी होती. तिच्या हातात फुलांचे देठ होते, बांधायचे की नाही ते कुणी सांगितलं नव्हतं म्हणून नुसतेच धरलेले. तिला वाटलं, आत्या आता उठून घरी जाईल. जाऊ दे. जबरदस्ती नको.

आत्या उठलीच. गुडघ्यावर हात देऊन उठली, आणि शकूला म्हणाली, "येक पाट मांड दारान."

"एकच? नऊ नको?"

"बहिनी हायत नं त्या? बसतील येका पाटाव."

पाट मांडला. आत्याने त्यावर तांदूळ घातले, विडा ठेवला, आणि जगनकडे हात पसरला. "दे ती सुपारी." जगनने खिशातून काढून दिली. त्या दिवसापासून खिशातच घेऊन फिरत होता बिचारा. सुपारी विड्यावर ठेवून आत्या म्हणाली, "बायांनो, ही माझी नाय, तुमची सुपारी. तुमी गा. माझ्याकडं गला हाय तो असा हाय." आणि मग तिने गणपतीला बोलावलं, मेढीला बोलावलं, हळदीला बोलावलं. आवाज खरखरत होता, विहिरीच्या जुन्या रहाटासारखा, पण निघत होता. शेवटी ती अनिताकडे वळली आणि एका देठाला हात लावला.

फुला रं फुला, तुझा म्हायेर कंचा?
सात दर्यांचे पल्यार हेलिकोन डोंगर.
डोंगराचे माथ्याव कोन कोन ऱ्हाती?
नऊ जनी बहिनी, गानी त्या गाती.

पुढच्या ओळीला ठसका लागला. असा लागला की ती दुमडली. कुणी पाणी आणायला धावलं, जगन पुढे झाला. झालं, आपल्या हट्टापायी आत्याला सगळ्यांसमोर हे बघावं लागलं, असं वाटून अनिताला स्वतःचीच चीड आली. आत्याने हाताने सगळ्यांना थांबवलं. पाण्याचा एकच घोट घेतला. आणि ओळ पुन्हा धरली, खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखी.

घोऱ्याचे टापंनी फुटला झरा,
झऱ्याचे पानियान गानियांचा तुरा.
होऱ्यांत बसून कोन गो आला?
केलीचे बहिनीला आवतान झाला.
माती गागोद्याची, पानी अनिताचे हातचा,
खाऱ्या या गावाला फूल गो साता देशांचा.

ती ओळ बायकांनी उचलली. आधी म्हाताऱ्यांनी, मग सगळ्यांनी. ज्या पोरी हळदीच्या रील्स काढायला आल्या होत्या त्यांनीही उचलली, मोबाईल हातात तसाच विसरून. अनिताचं नाव गाण्यात आलं होतं. हळदीच्या, तांदळाच्या, उंबराच्या ओळीला ओळ लावून तिचं नाव, तिच्या हातचं पाणी. ती हुंदके देऊन रडली, अगदी लहान पोरीसारखी, आणि रडता रडता तिने स्वतःच्या हातांनी ती फुलं केळीच्या खुंटाला बांधली. सुहासिनीबाई चष्मा पुसत होत्या.

"एवढी वर्षं मी हे नाव फळ्यावर लिहिलं," त्या निमिषला म्हणाल्या. "आज ऐकलं."

लग्न झालं. मटण झालं. डीजेही झाला, तो कुठे सुटतोय? पण धवले चालू असताना जगन स्वतः मशीनच्या वायरीवर पाय ठेवून उभा होता.

निघायच्या वेळी नवरीबरोबर पाठराखीण जाते, सासरी पहिले काही दिवस सोबत म्हणून. ती आत्याच जाणार असं ठरलं होतं. गाडीचं दार उघडलं तेव्हा आत्या आली, पण हातात पिशवी नव्हती, कपडे नव्हते. होतं एक ओलं गोणपाट, सुतळीने बांधलेलं.

"माझा गुडघा आता गाडीत चढत नाय गो," ती म्हणाली. "ही घे पाठराखीन."

आत कंद होता. एक हिरवा कोंब आलेला.

"आत्या..."

"रडू नको. मी येकलीच आले असते. हिच्या मागं नऊ जनी हायत." आणि भाचीचं डोकं छातीशी धरून म्हातारी स्वतःच रडली.

अष्टमीला पोहोचेपर्यंत ते गोणपाट अनिताच्या मांडीवर होतं. शालूला पाणी लागत होतं. प्रणितने दोनदा म्हटलं, मागे ठेव, तिने ऐकलं नाही. मग तोच हसून म्हणाला, "बरं, बसू दे तिला पुढे. पाहुणी आहे."

सासरी माप ओलांडलं. घर भरलेलं, बायकांची ही गर्दी नवरी बघायला. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आल्या, इकडेतिकडे बघितलं.

"पाठराखीन कुठं हाय गो?"

अनिताने गोणपाट उघडून दाखवलं. जो हशा पिकला, विचारू नका. "अगो बया, हलदीचा गड्डा आनलाय!" कुणी म्हणालं. "आलं असल," दुसरी म्हणाली, "चहाला झाला." अनिताच्या कानशिलांना आग लागली.

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी खाली वाकून त्या कोंबाला बोट लावलं. त्याही खारेपाटातल्याच लेक, त्यांच्या लग्नालाही कुणीतरी गायलं होतं. "काय हाय हा?" त्यांनी विचारलं. "म्हायेर कंचा याचा?"

अनिताने सांगायला तोंड उघडलं. गोष्ट तयार होती, ग्रीस, डोंगर, लॅटिन, सगळं बाईंनी सांगितलेलं. पण त्या प्रश्नाला गोष्टीत उत्तर देतात का? लहानपणी एकदा ती आत्याच्या मागे ओळ म्हणायला गेली होती, तेव्हा सगळी आळी हसली होती आणि आत्याच म्हणाली होती, तुझा गला म्हंजे फाटका पत्रा. त्यानंतर ती कधी गायली नव्हती, अंघोळीलासुद्धा नाही. तिने डोळे मिटले. बायांनो, तुमी गा, ती मनात म्हणाली. माझ्याकडे आहे तो असा आहे.

फुला रं फुला, तुझा म्हायेर कंचा?

आवाज फाटलाच. पत्र्यासारखाच फाटला. पण घरातलं हसणं थांबलं. ती दुसऱ्या ओळीला अडली.

सासूबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला आणि तिच्यासमोर बैठक मारली.

"थांबलीस का गो?" त्या म्हणाल्या. "म्होरं म्हन."